देशी रोपे विकू इच्छिणाऱ्यांस

आपल्या गृहरचना संस्थेच्या आवारात देशी रोपांची विक्री भरविण्याचा सद्‌विचार ज्यांच्या मनात उद्‌भवला असेल, त्यांनी प्रथम एक समिती नेमावी. कारण समितीवाचून रोप रुजते, विक्री रुजत नाही. मुहूर्त मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यानंतरच्या रविवारचा धरावा.

समितीपुढे पहिली बाब येते ती 'देशी' या शब्दाच्या व्याख्येची. ही व्याख्या मुळीच करू नये, असा माझा अनुभवसिद्ध सल्ला आहे. आमच्या समितीने ती केली, आणि अर्ध्या तासात गुलमोहर मादागास्करचा म्हणून, बोगनवेल ब्राझीलची म्हणून व गिरिपुष्प मध्य अमेरिकेचे म्हणून एकमताने हद्दपार झाले. परंतु त्याच न्यायाने झेंडू आणि निशिगंध हे दोघेही मेक्सिकोचे रहिवासी ठरतात, इतकेच नव्हे तर देवळाच्या पायरीशी पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्याच्या अधिकाराने उभा असलेला देवचाफासुद्धा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेला आहे, हे उघडकीस येताच खजिनदारांनी दसऱ्याच्या तोरणाचे काय, असा हरकतीचा मुद्दा उपस्थित केला व सभा चहासाठी तहकूब करावी लागली. चहाच्या मूळ गावाची चौकशी करण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

पाट्यांच्या बाबतीत हयगय नको. 'अशोक' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुंपणालगत शिपायासारखा उभा राहणारा उंच, सडसडीत वृक्ष येतो. केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ अंगाखांद्यावर मिरवणारा सीतेचा अशोक तो हा नव्हे, हे पाटीवर ठळक लिहावे. ताम्हणाच्या पाटीवर 'महाराष्ट्राचे राज्यपुष्प' ही अक्षरे अवश्य असावीत, कारण सरकारी हुद्दा दिसला की गिऱ्हाईक वाकून पाहते. बहावा सज्जातल्या कुंडीत लावण्याचा हट्ट धरणाऱ्यास झाडाची उंची शांतपणे सांगून अडुळसा, निर्गुडी अथवा शतावरीकडे वळवावे. कारवी मागणाऱ्यास ती सात वर्षांतून एकदाच फुलते ही वार्ता देण्याचे काम समितीतील सर्वांत तरुण सभासदाकडे सोपवावे. त्याच्यापाशी वेळ असतो.

"हे तर रानात फुकट उगवतं!" असे म्हणून दर पाडून मागणारा गृहस्थ प्रत्येक विक्रीस हजर असतोच. त्यास रानाचा पत्ता द्यावा.

खरी कसोटी मात्र विक्रीनंतर तीन-चार आठवड्यांनी लागते. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू एके सकाळी स्टीलच्या ताटलीत कढीपत्त्याची एक फांदी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "अहो, हे काय विकलंत मला? सगळी पानं कुरतडलीत!" फांदीवर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी एक इवलीशी अळी निश्चल पडली होती, आणि दुसरी, करंगळीएवढी हिरवीगार, देठाला बिलगून पान संपवीत होती. मी हिराच्या काडीने तिला हळूच डिवचले, तशी तिने मानेमागून दोन तांबूस शिंगे बाहेर काढली व उग्र दर्प सुटला. काकू दोन पावले मागे सरल्या.

अशा प्रसंगी दिलगिरी व्यक्त करू नये. जे पान कोणी खात नाही ते या भूमीत पाहुणे असण्याचा संभव अधिक, व जे कुरतडले गेले त्याची ओळख पटविणारे साक्षीदार ताटलीत हजर आहेत, असे गंभीरपणे निवेदन करावे. शिवाय २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेले नीलवंत लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते आणि कढीपत्ता त्याच कुळातला, तेव्हा घरी कोण उतरले आहे याची शहानिशा होईतो फवारणी करू नये, असेही सुचवावे. मी हे सर्व सांगितले. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले, ताटली परत नेली, आणि त्या दिवसापासून आमटीला कढीपत्ता मंडईतून आणण्यास सुरुवात केली.