आमच्या बिनहप्त्याच्या भागीदारास

श्री. बिनविमा वाहनमालक यांस,


गेल्या मंगळवारी नळ स्टॉपच्या सिग्नलला आपला परिचय झाला. मी लाल दिव्याला थांबलो होतो, तुम्हाला तेवढी सवड नव्हती. मी उतरून मागे येईपर्यंत तुम्ही माझ्या फुटक्या बंपरवरून हात फिरवून निदानही करून टाकलं होतं : "काही नाही झालं काका, डेंटिंगवाला ओळखीचाय. इथंच मिटवू." आणि पाचशेची नोट पुढे केलीत. मी विम्याचे कागद मागितले, तेव्हा मात्र आपण जखमी झालात.

तुमच्या गाडीला पुढे लिंबू-मिरची होती. ताजी, शनिवारचीच असणार. तिचं नूतनीकरण तुम्ही एकदाही चुकवलेलं दिसत नाही. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला, तर विमा 2022 मध्येच संपलेला. म्हणजे 2019 साली शोरूमवाल्यानं सक्तीनं गळ्यात मारलेली तीन वर्षांची थर्ड पार्टी, तेवढीच काय ती आयुष्यात. चौथ्या वर्षापासून सगळा भार लिंबावर.

तुमच्या हिशेबाला मात्र दाद दिली पाहिजे. 2022च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 3,416 रुपये. बिनविमा पहिल्यांदा सापडलात तर दंड 2,000. फायदा उघड आहे. दंडाऐवजी किंवा दंडासोबत तीन महिने कैदही होऊ शकते, पण ते कलम वाचायला तुमच्यासारख्या व्यग्र माणसाला वेळ कुठला? कर धरून दिवसाला अकरा रुपये वाचतात. एक कटिंग सुटतो.

आता त्या कटिंगचे पैसे कोणी दिले, ते सांगतो. तुमचा विमा असता, तर माझ्या गाडीचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत तुमच्या कंपनीकडून मागता आलं असतं. नव्हता, म्हणून मी माझ्याच पॉलिसीतल्या 'ओन डॅमेज'खाली दावा केला. सर्व्हेअर आला, वाकला, फोटो काढले आणि म्हणाला, "बंपर प्लास्टिकचा आहे, घसारा पन्नास टक्के." म्हणजे नऊ हजारांच्या बंपरचे साडेचार हजार माझे. वर हजार रुपये सक्तीची वजावट, तीही माझीच. आणि चार वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवलेला 45 टक्क्यांचा नो क्लेम बोनस एका दाव्यात शून्यावर. आता पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस करत चार वर्षं चढायचं. चूक तुमची, दावा माझा, बोनस गेला तोही माझा. अशी भागीदारी सख्ख्या भावातही टिकत नाही.

अमेरिकेत तुमच्यासारख्यांसाठी विम्यात खास जागा असते : अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर. समोरच्याचा विमा असूनही पुरेसा नसेल, तर त्यासाठी अंडरइन्शुअर्ड कव्हरही असतं, कारण तिथे माणसाच्या इजेलाही पॉलिसीत मर्यादा लिहिलेली असते. आपल्याकडे थर्ड पार्टीत मृत्यू आणि इजेच्या भरपाईला अशी मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ते कंपनीनं द्यायचं. अट एकच, पॉलिसी असायला हवी. तुम्ही नेमकी तीच वगळलीत.

बंपरचं सोडा. त्या क्षणी माझ्या जागी झेब्रा क्रॉसिंगवर एखादी कमावती बाई असती तर? गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार मिळतात. तुम्ही न पळता थांबलात, म्हणून भरपाई तुमच्या खिशातून. अशा अपघातातल्या बिनविमा गाडीच्या मालकानं पुरेशी हमी दिली नाही, तर गाडी विकून पैसे न्यायाधिकरणाकडे जमा करावेत, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये राज्यांना सांगितलं. तुमच्या गाडीला लिलावात काय येईल, हे तुमच्या ओळखीच्या डेंटिंगवाल्याला विचारा. त्यात त्या घरातल्या पोरांची किती वर्षांची फी बसेल, हा हिशेब तुम्हीच करा. हिशेबात तुम्ही पक्के आहात.

मी आता शहाणा झालोय. नुसत्या 'ओन डॅमेज'वर भागवत नाही. झिरो डेप घेतलं, म्हणजे पुढचा बंपर अर्धा माझ्या अंगावर पडणार नाही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा होताच, शेजारी बसणाऱ्यांचाही जोडला. पावतीवर नाव माझं आहे, पण खरं म्हणजे हे सगळं मी तुमच्यासाठी भरतो आहे.

आपला,
(हप्ता भरणारा) भागीदार

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी सहज घरच्या स्कूटरचा नंबर ॲपवर टाकला. नवीन घेताना मिळालेली पाच वर्षांची थर्ड पार्टी अकरा महिन्यांपूर्वी संपलेली. त्यावरून रोज मंडई, क्लास, दवाखाना चालू आहे. रात्री साडेअकराला 714 रुपये अधिक कर भरून टाकले. तुमची पाचशेची नोट घेतली नाही, हे बरं झालं. घेतली असती, तर ती कुणाला द्यायची हा प्रश्न पडला असता.