'फुल अँड फायनल' करणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. साहेब, मनुष्यबळ विभाग,
कोणतीही एक बांधकाम कंपनी, दोहा, कतार

विषय : कामगाराची काही मागणी उरली नसल्याच्या कागदाबाबत

महोदय,

कतारमधले काम सुटून मायदेशी निघालेल्या बांधकाम कामगाराचा शेवटचा हिशेब बहुतेक वेळा एका पानात उरकतो. पानाच्या उजव्या बाजूला अरबी, डाव्या बाजूला इंग्रजी. अंगठा उठवणाऱ्याला दोन्ही सारखेच. मजकूर असा, की सगळे देणे मिळाले, कंपनीकडे काही मागणी नाही, पुढेही असणार नाही. रकमेची जागा पुष्कळदा कोरी असते. ती साहेब नंतर सवडीने भरतात.

या मुलखाचा कामगार कायदा 2004 सालचा, क्रमांक 14. त्याच्या कलम 4 नुसार कायद्याने दिलेले हक्क ही किमान पातळी आहे आणि ते सोडल्याचा किंवा त्यावर तडजोड केल्याचा कोणताही करार रद्दबातल ठरतो. साहेबांना हे ठाऊक असावे. म्हणूनच त्यांचा मसुदा 'हक्क सोडले' असे म्हणत नाही, 'पैसे मिळाले' असे म्हणतो. हक्क सोडता येत नाही, पण पैसे मिळाल्याची खोटी साक्ष कामगाराकडून स्वतःविरुद्ध लिहून घेता येते. कसब आहे, मान्य करायला हवे.

न मिळालेली रक्कम किती? एक वर्ष नोकरी पूर्ण केलेल्याला दर वर्षामागे निदान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराएवढी ग्रॅच्युइटी कलम 54 देते. मार्च 2021 पासून किमान मूळ पगार 1000 रियाल आहे. त्या दराने वर्षाचे 700 आणि सहा वर्षांचे 4200 रियाल होतात. थकलेले ओव्हरटाइम आणि न घेतलेली रजा यात धरलेली नाही. परतीचे तिकीट कंपनीच्या खर्चाचे, तरी तेच ग्रॅच्युइटीतून कापून घेण्याची युक्ती साहेबांकडे असते. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवण्याची युक्ती त्याहून जुनी.

मग सही होते कशी? विमान त्याच रात्रीचे असते. पासपोर्ट ठेवून घेण्यास कायद्याची मनाई असली, तरी तो साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतो. कागदावर अंगठा पडला की ड्रॉवर उघडतो. त्यात डोक्यावर कर्ज. भारतीय नियमांनुसार परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाने कामगाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी यापलीकडे घ्यायचे नाही. प्रत्यक्षात कितीतरी जास्त मोजलेले असतात, तेही व्याजाने काढून. असा माणूस कॅम्पमध्ये थांबून भांडणार तरी कशाच्या बळावर? याला सेटलमेंट म्हणणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. सहा वर्षे उन्हात सळया बांधलेल्या माणसाच्या हातात तिकीट कोंबून त्याची कमाई गिळायची आणि वर त्याच्याचकडून पोच घ्यायची!

दाद मागायची सोय नाही असे नाही. मार्च 2018 पासून कामगार तंटा समित्या आहेत, निकालाला तीन आठवड्यांची मुदत आहे, कामगाराला कोर्ट फी नाही. पण समिती दोह्यात आणि दावेदार एव्हाना म्हसळ्याला किंवा चिपळूणला. तिथून दूतावास, भारत सरकारचे तक्रारींसाठीचे 'मदद' पोर्टल, मुखत्यारपत्र. दावा करण्याची मुदत नोकरी संपल्यापासून एक वर्ष. हे वर्ष साहेबांनी कसलेही कष्ट न घेता सरते.

आता साहेबांविषयी. ते मालक नव्हेत. बहुधा तेही कुठल्या तरी एजंटाला पैसे भरून आलेले, कंपनीच्याच व्हिसावर राहणारे, घरी हप्ते पाठवणारे. अंगठे घेतले नाहीत तर त्या खुर्चीवर उद्या दुसरा बसेल, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाच्या दिवशी हाच फॉर्म, त्यांच्याच कॉम्प्युटरमधून काढलेला, समोर येईल. कलम 4 त्यांनाही लागू आहे. रकमेची जागा कोरी असेल तर सही करू नये, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि एका वर्षाच्या आत समितीकडे जावे.

कळावे.