पंच्याऐंशी पोत्यांचा गडी

आर्णीत माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मृगाच्या आधी गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "दादा, औंदा कोनतं सोयाबीन टाकू?" गेली अठरा वर्षं माझं उत्तर ठरलेलं : सगळं वावर एकाच वाणाखाली टाकू नका. थोडं हे टाका, थोडं ते टाका, मधात तुरीची तासं असू द्या. एक बुडालं तर दुसरं तारते. हे सांगताना माझा चेहरा असा काही गंभीर होतो की समोरचा उधारी मागायला लाजतो. थोडा वेळ.

असा हा मी, 2022 च्या दसऱ्याला, शंभरातली पंच्याऐंशी पोती एकाच माणसावर उधळून मोकळा झालो.

पोती खरी नव्हती, एवढंच काय ते नशीब. झालं असं की माझा भाचा तेव्हा मोबाइलवर टीम लावायचा. क्रिकेटची लावायचा, कबड्डीची लावायचा, आणि महिनाअखेर माझ्याकडून पेट्रोलला पैसे न्यायचा. मी त्याला म्हटलं, बाबू, पैसे लावून खेळण्यात काय अक्कल? तो म्हणाला, "मामा, अक्कल लागते म्हनूनच तुमाले जमत नाही." हे वाक्य तो बसस्टँडजवळच्या टपरीवर, चारचौघांत बोलला. चहावर चर्चा आमच्या तालुक्याला नवी नाही. 2014 च्या मार्चमध्ये खुद्द नरेंद्र मोदी दाभडीला येऊन ती करून गेले. पण त्या चर्चेतून कुणाला आव्हान मिळालं नव्हतं, मला मिळालं.

ठरलं असं. प्रो कबड्डीचा नववा हंगाम 7 ऑक्टोबरला, शुक्रवारी, बंगळुरूत सुरू होणार होता आणि रविवारी कोजागिरी. आम्ही आठ जण दसऱ्याच्या संध्याकाळी लिलाव करायचा. प्रत्येकाजवळ सोयाबीनची मनातली शंभर पोती. त्यांत तीन चढाईपटू घ्यायचे, एकाला कर्णधार करायचं. चढाईच्या दर गुणाला एक गुण, कर्णधाराचे दुप्पट. एकाने घेतलेला गडी दुसऱ्याला नाही. रविवारी रात्री ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, त्याने सगळ्यांना कोजागिरीचं दूध पाजायचं. पैसा नाही, ॲप नाही. वही माझी, खताच्या कंपनीने फुकट दिलेली, वर युरियाच्या गोणीचं चित्र.

नुसते चढाईपटूच का, असं टपरीवाल्या भाऊने विचारलं. त्यावर आमच्या निवृत्त पीटी सरांनी ग्लास खाली ठेवला. सर बोलायला लागले की आधी 1936 साल येतं. त्या साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आले होते. सर तेव्हा जन्मलेही नव्हते, पण सांगताना ते बर्लिनहून नुकतेच आर्णी फाट्यावर उतरल्यासारखे दिसतात. तिथून ते मुद्द्यावर आले. पकड करणारा थांबून असतो, म्हणाले. समोरचा आला तर त्याचं काम. चढाईवाला स्वतः चालून जातो. तीस सेकंदांत सात जणांच्या घरात शिरायचं, हात नाहीतर पाय लावायचा आणि जिवंत परत यायचं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो वा मरो, गुण आणला नाही तर बाहेर. आणि मुख्य चढाईवाला बाहेर बसला की त्याला उठवायला दुसऱ्या कुणीतरी गुण आणावा लागतो. "तो दुसरा कोन, हे पाह्यजा," सर म्हणाले. "पह्यला तर कोनालेही दिसते."

हे वाक्य मी ऐकलं होतं. वहीत लिहून घेतलंही होतं. आजही दिसतं, आपट्याच्या पानाच्या डागाशेजारी.

दहा दिवस मी अभ्यास केला. सोयाबीनची काढणी ऐन रंगात होती आणि दुकानासमोर ताडपत्रीवर एका शेतकऱ्याचा माल वाळत होता. लोक येऊन दाणा दाताखाली धरायचे, कट्ट वाजला की वाळला, नाही वाजला की अजून दोन दिवस. मी मात्र काउंटरवर मान खाली घालून पवन सेहरावतचे आकडे काढत होतो. सहाव्या हंगामात चढाईचे 271 गुण. सातव्यात 346. आठव्यात 304. तिन्ही वेळा सगळ्यांत वरचा. सहाव्याच्या अंतिम सामन्यात, 5 जानेवारी 2019 ला, एकट्याचे 22 गुण आणि बेंगळुरू बुल्सला करंडक. हरियाणाविरुद्ध एकाच सामन्यात 39. एका सामन्यात! आमच्या शाळेच्या संघाचे अख्ख्या स्पर्धेत तेवढे झाले नव्हते, आणि त्या संघात मी होतो. ऑगस्टच्या खऱ्या लिलावात तमिळ थलैवाजनी त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतला होता, तोवरची सगळ्यांत मोठी बोली. एवढे पैसे मोजणारे लोक काय मूर्ख असतात?

बायको लोणबेहळकडची, घरी चार बैल बांधलेले असायचे अशा घरातली. माझी वही तिने एकदा चाळली.

"हा चांगला आहे," पवनवर बोट ठेवून म्हणाली. "याचा जोड कोन?"

"जोड कशाचा? हे काही औत आहे का?"

"एका बैलाचं औत कोन हाकते? घ्यायचे तर एका दावनीचे दोन घ्या. एक लंगडला त दुसरा त्याचंच काम करीन ना."

मी हसलो. थलैवाजच्या यादीत आपला अजिंक्य पवार होता, आणि खाली नरेंदर नावाचा एक नवा पोरगा, ज्याच्यापुढे आकडाच नव्हता, कारण तो एकही सामना खेळलेला नव्हता. तिने नेमकं त्याच नावावर बोट ठेवलं. मी तिला चढाईची सरासरी समजावून सांगितली. ती भाजी निवडायला निघून गेली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, पाया पडून झालं आणि टपरीवर लिलाव लागला. प्रदीप नरवालचं नाव आधी निघालं. डुबकी मारून हाताखालून निसटणारा तो डुबकी किंग, पण कंडक्टर म्हणाला, डुबक्या मारायला अरुणावती आहे, आपल्याला काय करायचं! आणि तोच त्याला बत्तीस पोत्यांत घेऊन बसला. बँकेतल्या बाबूने कोल्हापूरचा म्हणून सिद्धार्थ देसाई घेतला. दिल्लीचा नवीन कंपाउंडरला गेला. अर्जुन देशवाल टपरीवाल्या भाऊने घेतला, कारण विचारलं तर म्हणाला, "अर्जुन नाव आहे, चुकते काहून?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. दहा दिवसांचा अभ्यास आणि हा माणूस महाभारतावर खरेदी करतोय.

मग पवन निघाला. मी एकदम चाळीस म्हणालो, म्हणजे बाकीचे गार पडतील. पीटी सरांनी शांतपणे एक्केचाळीस म्हटलं. पन्नास. एकावन्न. माझ्या कानात रक्त चढलं. साठ. एकसष्ट. दर वेळी सर फक्त एक वाढवायचे, आणि चहाचा घोट घ्यायचे. शेतमाल विकताना अडते असं करतात हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय, गिऱ्हाइकाला सावधही करतो. पंच्याऐंशी, मी ओरडलो. टपरीसमोर थांबलेल्या एसटीतल्या बायका खिडकीतून पाहायला लागल्या. सरांनी हात जोडले.

"घेऊन जा बावा."

उरली पंधरा पोती, दोन गडी घ्यायचे. एक बारात मिळाला, एक तिनात. त्यांची नावं लिहीत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. बारावाला राखीव बाकावर टॉवेल घेऊन बसला आणि तिनावाला मला स्क्रीनवर दिसलाच नाही. शेवटी यादीत उरलेल्या पोरांची बोली निघाली तेव्हा भाऊने एक पोतं टाकून नरेंदर उचलला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुमच्या घरून वैनी आल्या होत्या चहापत्ती न्यायले. त्या म्हनल्या."

शुक्रवार इतरांचा गेला. शनिवारी, 8 तारखेला, थलैवाज आणि गुजरात जायंट्सचा सामना. मी दुकान लवकर बंद केलं, भाच्याच्या मोबाइलला उशी लावली आणि मांडीवर वही घेतली. अंगणात शेजारच्या पोरींची भुलाबाई चालली होती, गाणी संपली की खिरापत ओळखायचा खेळ. झाकलेला डबा हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून सांगायचं. एक पोरगी माझ्याकडे डबा घेऊन आली. "काका, ओळखा." मी न हलवताच म्हणालो, "चिवडा. जा आता."

पवन चढाईला गेला की माझा श्वास बंद व्हायचा, परत आला की पेन चालायचं. आणि मग, पूर्वार्धातच, गुजरातचा एक जण चढाईला आला. पवन त्याला पकडायला धावला. पकडायला! चढाईचे 650 गुण मी फक्त गेल्या दोन हंगामांचे मोजले होते, पकडीचा रकाना माझ्या वहीत नव्हताच. गर्दी झाली, सगळे पडले, सगळे उठले. पवन उठला नाही. गुडघा धरून राहिला.

त्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. माणसाचं तोंड दुखण्याने असं वाकडं झालं होतं की पाहवेना. पण मी खोटं कशाला सांगू? मोजून दहा सेकंद मला त्याच्या गुडघ्याचं वाईट वाटलं, अकराव्या सेकंदापासून माझ्या पंच्याऐंशी पोत्यांचं.

"येईल परत," मी भाच्याला म्हणालो. "बर्फ लावतील."

"मामा," भाचा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात माझ्याबद्दल आदर होता, मयताच्या घरी असतो तसा. "दूध किती लिटर सांगू?"

पवन परत आला नाही. त्या सामन्यात नाही आणि अख्ख्या हंगामात नाही. इकडे आकडा नसलेलं ते नरेंदर नावाचं पोरगं चढाईला जाऊ लागलं. गेलं, हात लावून आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. सामना 31-31 असा बरोबरीत सुटला. अंगणातल्या पोरीने डबा उघडला. आत साबुदाण्याची उसळ होती.

पवनचे होते तेवढे गुण मी कर्णधार म्हणून दुप्पट केले. थोड्याचं दुप्पट केलं की थोडंच होतं, हे गणित दहावीपर्यंत शिकूनही मला त्या रात्री नव्याने कळलं. रविवारच्या सामन्यांत माझा एकही माणूस मैदानात नव्हता. तरी मी तिन्ही सामने पाहिले. घरचं पीक बुडाल्यावर माणूस शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहतो, तसा.

कोजागिरीला दहा लिटर दूध आटवलं. काजू, बदाम, चारोळी, वेलदोडा, केशराच्या नावाखाली जे मिळतं ते. खर्च विचारू नका. गच्चीवर चंद्र दिसेपर्यंत सगळे माझ्या निकालावर बोलत होते. वेगळं काही बोलावं म्हणून मी सरांना विचारलं, "सर, तुम्ही चौऱ्याऐंशीपर्यंत गेले होते. पवन तुम्हालाही हवा होता ना?"

सरांनी दुधावरची साय बोटाने बाजूला केली. "मले कायले पाह्यजे? मी पाहून रायलो होतो का तुम्ही कुठवर जाता."

बेरजेत भाऊ पहिला आला. बक्षीस काही ठरलंच नव्हतं, म्हणून त्याने दुसरा ग्लास मागितला. त्या हंगामात पुढे अर्जुन देशवाल 296 गुणांनी सगळ्यांत वर गेला, त्याचा जयपूर पिंक पँथर्स विजेता झाला, आणि त्या नरेंदरने पहिल्याच हंगामात 243 गुण काढले. एक पोतं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी एक शेतकरी दुकानात आला आणि म्हणाला, "दादा, हरभऱ्याचं कोनतं वाण घ्यावं?" मी तोंड उघडलं, तर मागून बायकोचा खोकला ऐकू आला.

भाच्याचं ॲप नंतर सुटलं, पण माझ्या उपदेशाने नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि 22 तारखेला, नेमक्या पोळ्याच्या दिवशी, राष्ट्रपतींची सही झाली. आम्ही बैलांना झूल घालत होतो आणि भाचा मोबाइलकडे पाहत गोठ्यात उकिडवा बसला होता. मग तोच म्हणाला, "मामा, तुमची वही आहे का अजून?"

होती. प्रो कबड्डीचा नवा हंगाम 29 ऑगस्टला विशाखापट्टणमला सुरू व्हायचा होता, म्हणून आदल्या संध्याकाळी गणपतीची आरती झाल्यावर आमच्या ओसरीत लिलाव लागला. पवन पुन्हा तमिळ थलैवाजकडे आला होता. आणि त्याच संघात, त्याच्याच जोडीला, अर्जुन देशवाल. पवनचं नाव निघालं तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खतांची किंमतपत्रिका वाचत असल्यासारखं केलं.

"चाळीस," आतून आवाज आला.

बायको आरतीचं ताम्हण घेऊन दारात उभी होती. तिचं नाव यादीत कधी आलं, मला माहीत नव्हतं. भाच्याने मुकाट्याने नववं पान उघडून ठेवलं होतं. पीटी सरांनी सवयीने एक्केचाळीस म्हटलं. तिने त्यांच्यासमोर प्रसादाची वाटी धरली, ते मोदक चावत असताना पन्नास म्हणाली, आणि मोदक संपायच्या आत पवन तिचा झाला. पाच मिनिटांनी अर्जुनही, बेचाळिसात.

"वैनी, आठच पोते उरले," भाऊ म्हणाला. "तिसरा गडी?"

"दोन बैल घेतले. आता कासरा घ्यायचा आहे फक्त." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही कोनाले घेऊन रायले?"

माझ्याजवळ शंभर पोती होती, आणि वही कोरी.