बिनखिळ्यांचा बूट: एक प्राथमिक मीमांसा

गोल्फ खेळताना घालावयाच्या बुटांचे सांप्रत दोन वर्ग मानले जातात. पहिल्या वर्गातील बुटाच्या तळाला प्लास्टिकचे, फिरवून काढता-बसवता येणारे स्पाइक असतात. दुसऱ्या वर्गातील बुटाला असे स्वतंत्र काहीही बसवलेले नसून, रबराचे किंवा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन नावाच्या चिवट प्लास्टिकचे बारीक उंचवटे तळाबरोबर साच्यातूनच काढलेले असतात, आणि या वर्गाला ‘स्पाइकलेस’ असे म्हणतात. पहिला बूट घालून गोल्फ खेळता येतो. दुसरा घालूनही तो खेळता येतोच, परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य असे की तो घालून गोल्फ न खेळताही दिवस काढता येतो. आणि मुंबई-पुण्यातील ज्या वर्गाला मैदानावर जाण्याची सवड नसली तरी मैदानावरून नुकतेच परतल्यासारखे दिसण्याची निकड असते, त्याच्या दृष्टीने हा गुण बाकीच्या सर्व गुणांहून श्रेष्ठ ठरतो.

या बुटाची थोरवी कळण्यासाठी खिळ्यांचा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक आहे. 1857 साली स्कॉटलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल्फर्स मॅन्युअल’ या पुस्तकात, घसरू नये म्हणून बुटांच्या तळाला बारीक खिळे ठोकून घ्यावेत असा सल्ला आढळतो. (त्याच वर्षी हिंदुस्थानातील इंग्रजांच्या पायाखालची जमीन अगदी निराळ्या कारणाने सरकत होती आणि तिच्यावर खिळ्यांचा इलाज नव्हता, कलकत्त्याचा गोल्फ क्लब मात्र 1829 पासून अस्तित्वात होता.) पुढे खिळ्यांची जागा धातूच्या स्क्रू-स्पाइकांनी घेतली. हा स्पाइक साधारणपणे सहा ते आठ मिलिमीटर लांब असे, आणि ज्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या तासून गुळगुळीत केलेल्या हिरवळीवर, तो रोवला जाई तिथले गवत तीन-चार मिलिमीटरच उंच ठेवलेले असे. म्हणजे खेळाडूच्या प्रत्येक पावलागणिक हिरवळीची बारीक नांगरट होई. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात प्लास्टिकचे मऊ स्पाइक निघाले, आणि ते दशक संपता संपता बहुतेक क्लबांनी धातूच्या स्पाइकांना मैदानबंदी केली.

या बंदीने गवत वाचले, परंतु खेळाडूंच्या एका पिढीचे जे नुकसान झाले त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ग्रीनवर दोन हातांवरून मारलेला पट, म्हणजे चेंडू जमिनीलगत होलमध्ये ढकलणारा हलका फटका, चुकला की ‘पुढच्या कुणाच्या तरी स्पाइकची खूण आडवी आली’ एवढे सांगून आब राखता येत असे, आणि या म्हणण्याला नियमाचाही आधार होता, कारण चेंडूच्या वाटेवरची स्पाइकची खूण दुरुस्त करण्यास मनाई होती. धातूचे स्पाइक गेल्याने खुणा बोथट झाल्या. 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी बुटांच्या खुणा दाबून सपाट करण्याची मुभा दिली. आणि स्पाइकलेस बूट तर मुळात खूण म्हणावी असे काही ठेवतच नाही. अशा रीतीने नाचता येईना अंगण वाकडे या न्यायाने ज्यांचा खेळ चालला होता त्यांचे अंगण शासकीय तत्परतेने नव्हे, तर खऱ्या तत्परतेने सरळ करण्यात आले. आता दोष द्यायला उरले ते बूट. आणि बुटांना दोष दिला की नवे घेता येतात, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही.

स्पाइकलेस बुटाला प्रतिष्ठा मिळाली ती 2010 च्या मास्टर्स स्पर्धेत. ऑगस्टा येथील त्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी पन्नास वर्षांचे फ्रेड कपल्स हे एको या डॅनिश कंपनीचे, रस्त्यावर घालण्याच्या बुटासारखे दिसणारे स्पाइकलेस बूट घालून आणि मोजे मुळीच न घालता उतरले, आणि 66 फटक्यांत फेरी संपवून आघाडीवर राहिले. कपल्स यांनी हीच स्पर्धा 1992 साली जिंकलेली होती, त्यांचा स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची लकब, जगात सर्वांत सहज मानला जाई, हे तपशील खरे तर महत्त्वाचे होते. जगाने बूट पाहिले. त्या यशाचे श्रेय बूट, मोज्यांचा अभाव आणि खेळाडू या तिघांत कसे वाटावे हा प्रश्न निघण्यापूर्वीच दुकाने भरली. पुढे मोजे न घालण्याची रीतही अनेकांनी उचलली, आणि ती मुंबईच्या मे महिन्यात चामड्याच्या बुटात आचरली असता काय होते ते त्यांच्याजवळ लिफ्टमध्ये उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे.

आता निवडीकडे वळता येईल. बूट दिसण्यात डौलदार असावा ही पहिली अट, आणि डौल कशाला म्हणावे याविषयी दोन पंथ आहेत. जुन्या पंथाच्या मते गोल्फचा बूट ऑक्सफर्ड घाटाचा, पांढऱ्या चामड्यावर काळा वा तपकिरी पट्टा असलेला असावा. नव्या पंथाला बूट गोल्फचा वाटू नये अशी इच्छा असते, मात्र तो गोल्फचा आहे हे पाहणाऱ्याला कळावे अशीही इच्छा असते. या दोन्ही इच्छा एकदम पुरवणे ही गेल्या दशकातील पादत्राणविद्येची प्रमुख कामगिरी होय. त्यानुसार स्टॅन स्मिथ या टेनिसपटूच्या नावाचा बूट, मायकेल जॉर्डन या बास्केटबॉलपटूच्या नावाचा बूट आणि मुळात गोठलेल्या जमिनीवर फुटबॉल खेळता यावा म्हणून घडवलेला सांबा, हे तिन्ही तळाला उंचवटे लावून गोल्फमध्ये दाखल झाले आहेत. धातूच्या स्पाइकांच्या काळी क्लबच्या फरशीवर खटखट वाजली की गोल्फवाला आला हे न बघता समजत असे. आता तळ मुका झाल्यामुळे ते सांगण्याची जबाबदारी बुटाच्या बाजूवरील बोधचिन्हावर आली आहे, आणि म्हणून ज्या पँटखाली ते चिन्ह झाकले जाते ती पँट या बुटावर निषिद्ध मानावी.

डौलाची खरी परीक्षा मैदानावर होत नसून इतरत्र होते. अठरा होल संपल्यावर खेळाडू ज्या मद्यशाळेत बसतात तिला या खेळात ‘एकोणिसावे होल’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि स्पाइकलेस बुटाची पकड तेथील फरशीवर निर्विवाद आहे. त्यानंतर विमानतळ, त्यानंतर कार्यालयातील शुक्रवार. बैठकीच्या टेबलाखाली एक पाय दुसऱ्यावर टाकून तळ किंचित समोरच्याकडे वळवला जातो, उंचवट्यांत अडकलेले गवताचे एखादे वाळके पाते दिसते, वरिष्ठ विचारतात, “हँडिकॅप किती?” हँडिकॅप म्हणजे खेळाडूला त्याच्या कच्चेपणाच्या मानाने मिळणारी फटक्यांची सवलत, आणि आपल्या कच्चेपणाचा आकडा लोक अभिमानाने सांगतात असे हे बहुधा एकमेव क्षेत्र असावे.

सुखकारकतेचा विचार मात्र गंभीरपणे केला पाहिजे, कारण येथे शरीराचा संबंध येतो. उजव्या हाताने खेळणारा काठी मागे नेतो तेव्हा भार उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर येतो. काठी खाली येताना तो डाव्या पायावर सरकतो, चेंडूला काठी लागून गेल्यावर डावे पाऊल बाहेरच्या कडेवर कलते आणि उजव्याची टाच उचलली जाऊन ते चवड्यावर वळते. म्हणून बुटाचे उंचवटे मधल्या भागात कितीही दाट असले तरी कडेला ते रुंद आणि धारदार नसतील, तर ऐन फटक्याच्या क्षणी डावा पाय सरकतो. बूट हातात घेऊन टाच आणि टोक उलट दिशांना पिळून पाहावे: चवड्याशी तो वाकला पाहिजे, मध्यभागी पिळला जाता कामा नये. पाय दिवसभरात किंचित सुजतो, त्यामुळे बूट संध्याकाळी आणि खेळताना घालावयाच्याच मोज्यांसह पायात घालून बघावा, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीची जागा सुटते का ते तपासावे. लांबीपेक्षा रुंदीत अधिक फसगत होते, कारण पुष्कळसे परदेशी बूट अरुंद पावलांच्या साच्यावर बेतलेले असतात आणि चवड्याशी चावतात; असा चावणारा बूट ‘पुढे सैल होईल’ असे दुकानदार सांगतो, आणि तो होतोही, परंतु तोवर पायाने आपला आकार बदललेला असतो.

अठरा होलांच्या मैदानाची सरळ लांबी साधारणपणे सहा किलोमीटरांच्या आसपास असते. सरळ मारणारा तेवढेच चालतो. ज्याचा चेंडू आधी डावीकडच्या झाडीत, मग उजवीकडच्या वाळूत आणि मग पुन्हा झाडीत जातो तो पुष्कळच अधिक चालतो, आणि म्हणून टाचेखालच्या मऊ फोमची गरज खेळाच्या वाईटपणाबरोबर वाढत जाते. जे विजेच्या गाडीतून हिंडतात त्यांना ही गरज नसते, तथापि तेच सर्वांत जाड फोमचे बूट घेतात. लेसऐवजी तारेची चकती फिरवून बूट आवळण्याची सोयही आता मिळते. वाकून लेस बांधण्यात पोट आडवे येत असल्यास ती उपयुक्त आहे, आणि ज्या व्यायामाने पोट कमी व्हावे त्या व्यायामासाठीच ती सोय केलेली आहे.

पावसाळा हा या शास्त्राचा अवघड प्रांत. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबावर किंवा खारघरच्या सिडकोच्या मैदानावर जुलैत पाऊस कसा पडतो हे सांगण्याची गरज नाही. जलरोधक पडदा असलेला बूट बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही हे खरे. परंतु घोट्यावरून एकदा आत गेलेले पाणीही तो तितक्याच निष्ठेने बाहेर जाऊ देत नाही. शिवाय चिखल उंचवट्यांच्या मधल्या फटींत भरला की तळ सपाट होतो, आणि ओल्या उतारावर अशा तळाने उभे राहणे हे धाडस होय. स्पाइकवाल्या बुटाचे झिजलेले स्पाइक किल्लीने काढून नवे बसवता येतात. स्पाइकलेसचे उंचवटे झिजले की बूट गेला, आणि ते गवतावर फार झिजत नाहीत. झिजतात ते डांबरावर, मॉलच्या फरशीवर आणि विमानतळाच्या लांबलचक मार्गिकांवर. म्हणजे ज्या सर्वत्र-संचारासाठी तो विकत घेतला जातो त्या संचारानेच त्याचा तळ गुळगुळीत होतो, आणि मालकाला अखेर मैदानावर जाण्याची सवड मिळते तेव्हा बुटापाशी पकड शिल्लक नसते.

या सर्व विवेचनात मैदानावरील एका घटकाचा उल्लेख अद्याप आलेला नाही. नियमाने कमाल चौदा काठ्या असलेली पिशवी खांद्यावर घेऊन खेळाडूच्या दोन पावले पुढे चालणारा, कोणत्या अंतराला कोणती काठी ते सांगणारा आणि ग्रीनचा उतार बसून न्याहाळणारा तो कॅडी. भारतातल्या अनेक मैदानांवर तो साध्या कॅनव्हासच्या बुटांत, कधी रबरी चपलांतही, तेच अंतर काटतो. कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन जिंकली, आणि कोलकात्याच्या मैदानावर माळ्याचे काम करणाऱ्याचे पुत्र एसएसपी चौरासिया हे पुढे युरोपियन टूरवर विजेते झाले. परंतु त्यांनी लहानपणी कोणत्या तळाचे काय घातले यावरून कोणत्याही कंपनीने अद्याप बूट काढलेला नाही, कारण तो दहा-पंधरा हजारांना विकणे जड जाईल.

जुना जोड कॅडीला देण्याची रीत मात्र प्रचलित आहे. तळ पार घोटलेला, माप अर्ध्या नंबराने मोठे, बोधचिन्ह शाबूत, असा बूट औदार्यपूर्वक दिला जातो आणि ‘फार भारी आहे, जपून वापर’ अशी सूचनाही सोबत मिळते. कॅडी पुढच्या बाजूला कागदाचा बोळा घालतो, ओल्या फडक्याने बूट पुसतो आणि सासुरवाडीच्या लग्नासाठी ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅनव्हासचेच बूट घालून येतो, कारण सातव्या होलचा उतार ओला असतो आणि पिशवी साहेबांची असते.