शेकाट्याचं पांढरं आणि काळं

पक्ष्यांना ज्याने कुणी रंग वाटले, त्याने कधी कॅमेरा हातात धरला नसावा. नाहीतर शेकाट्या रंगवताना तो जरा थबकला असता. पोट पांढरंशुभ्र, पंख काळेकुळकुळीत आणि खाली गुलाबी पायांच्या दोन लांबलचक काड्या. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या उथळ पाण्यात हे गृहस्थ सावकाश किडे टिपत फिरतात आणि समोर लाखालाखाच्या लेन्स घामाघूम होतात. पोट सांभाळावं तर पंखांचा नुसता काळा गोळा. पंखांतली पिसं दिसू द्यावीत तर पोटातलं एकही पीस दिसत नाही.

कॅमेऱ्याचं मन मध्यमवर्गीय. जग सरासरीने मध्यम करडंच असणार, अशी त्याच्या मीटरची ठाम समजूत. बगळ्यांनी चौकट भरली की तो सगळ्यांना धुळकट करतो. गडद पाण्यात एकटाच बगळा दिसला, तर पाणी उजळायच्या नादात त्याला जाळून टाकतो.

इथले नावाडी मासेमारीतले. त्यांना एक्स्पोजरशी काही कर्तव्य नाही. ‘सर, दम धरा, ऊन पाठीवर घेतो,’ म्हणत ते होडी वळवतात. रात्री संगणकासमोर डोळे फोडून जे जमलं नसतं, ते बांबूच्या दोन रेट्यांत होतं. ऊन चढल्यावर मात्र त्यांचाही इलाज नाही. वरून सूर्य मारतो, खालून पाणी.

मग घरी रॉ फाइल उघडायची. अंधारातून पिसं वर काढता येतात, थोडे दाणे सोसावे लागतात एवढंच. पण पांढरं एकदा जळलं की हायलाइटची पट्टी कितीही ओढा, तिथे ओढून आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं. म्हणून जाणती माणसं फोटो मुळातच जरा अंधारा घेतात.

खरा मोह सॅच्युरेशनच्या पट्टीचा. रोहित पक्षी शेवाळातून आणि बारीक जलचरांतून कॅरोटिनॉइड मिळवत गुलाबी होतो. त्याची ही चिकाटीची कमाई आपण एक बोट सरकवून दुप्पट करतो. उजनीवरचा मोठा रोहित प्रत्यक्षात बराचसा पांढराच असतो, पंख उघडल्यावर लाली दिसते. पण आधी फोटो पाहून आलेली मंडळी होडीतून म्हणतात, ‘एवढे फिके?’ आणि दोष पक्ष्याला लागतो.

राहता राहिली ढोकरी. मातकट, रेघारेघांची, चिखलात उभी राहिली की चिखलच. मीटरला हवा तोच रंग, त्यामुळे पहिल्याच फटक्यात हिशेब जुळतो. तिच्यासाठी कुणी भिगवण गाठत नाही, पण मला ती आवडते. एकच खोड आहे तिला. उडाली की पंख बगळ्याइतके शुभ्र निघतात आणि मीटरसकट आपली फजिती होते. नावाडी हसत नाही. त्याला सवय आहे.