बॉनेटखालचा लाल दिवा
नवशिक्या ॲम्बेसिडर-मालकांसाठी मार्गदर्शिका

१ मे २०१७ पासून मंत्र्या-संत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. तुमच्या ॲम्बेसिडरने तो आदेश अर्धाच पाळलेला दिसतो. टपावरचा दिवा काढला आणि बॉनेटखाली लावला. रात्री इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलंत आणि कार्बोरेटरच्या खालचे एक्झॉस्टचे पाइप लालभडक दिसले असतील, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठीच आहे.

आधी पात्रता. पुढचा मजकूर फक्त १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला लागू आहे. म्हणजे बीएमसीचं बी-सिरीज, जे विलायतेत मॉरिस ऑक्सफर्डला होतं आणि ज्याचे भाऊबंद एमजीमध्ये मिरवले. इसुझु इंजिनवाल्यांनी आणि डिझेलवाल्यांनी पान उलटावं. त्यांची दुःखं वेगळी आहेत.

पायरी पहिली: घाबरा, पण रंग बघून

१८४७ साली जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की जवळजवळ कुठलाही घन पदार्थ ५२५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की अंधारात लाल दिसायला लागतो. गावच्या लोहाराला हे ड्रेपरच्या आधीपासून ठाऊक होतं, पण त्याने निबंध लिहिला नाही. काळपट लाल म्हणजे साडेपाचशे-सहाशे अंश, चांगला डाळिंबी लाल म्हणजे सातशेच्या पुढे, नारिंगी दिसला की नऊशेच्या घरात. नारिंगी दिसला तर पुढचं वाचत बसू नका. आधी चावी फिरवून इंजिन बंद करा.

रंगाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो कधी दिसला. चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी चढून वर थांबलात आणि पाइपांवर पुसटशी लाली दिसली, तर गाडीने काम केलं एवढाच त्याचा अर्थ. त्यातून मूळच्या जाड ओतीव मॅनिफोल्डच्या जागी कुणी पातळ पत्र्याच्या नळ्यांचा हेडर बसवला असेल, तर तो फार लवकर लाल होतो. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसती सुरू करून ठेवलेली गाडी पाच मिनिटांत लाल होत असेल, तर काहीतरी चुकतंय. उभ्या गाडीत जाळायला पेट्रोल जातं ते थोडंसंच, तेवढ्याने पाइप तापता कामा नये.

या टप्प्यावर वॉचमन येईल. त्याला टॉर्च धरायला द्या. बोलायला देऊ नका.

पायरी दुसरी: पाइप मोजा

सिलिंडर चार आहेत. हेडरचे पाइप तीन निघतील. पुन्हा मोजलेत तरी तीनच निघतील. या इंजिनाच्या हेडमध्ये दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर एकाच भोकातून धूर सोडतात, त्यामुळे मधल्या पाइपावर दोघांचा भार असतो. तो कडेच्या दोघांपेक्षा जास्त तापणं हा त्याचा स्वभाव आहे. मधला पाइप लाल पाहून "दोन-तीन गेले!" म्हणून हेड उतरवायला लावणारे बरेच असतात. हेड उतरवणारे त्यांना दुवा देतात.

कडेचा एकच पाइप लाल असेल तर दुखणं त्या सिलिंडरपुरतं. तिन्ही लाल असतील तर दुखणं सामाईक: ठिणगी, मिश्रण किंवा तुंबलेला सायलेन्सर. एखादा पाइप बराच थंड असेल तर तो सिलिंडर काम करत नाही, प्लग बघा. हे सगळं हाताने तपासायचं नाही, हे सांगावं लागू नये. दीड-दोन हजारांत इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो.

पायरी तिसरी: खर्च करा

ही पायरी सगळे आपोआप करतात, तरी नोंद असलेली बरी. लाल पाइप दिसला की पाइपावर खर्च करायचा, हा सर्वमान्य नियम आहे. कुणी त्यावर पट्टी गुंडाळतं. पट्टीने लाली दिसेनाशी होते, उष्णता मात्र पत्र्यातच कोंडते, आणि पावसाळ्यात पट्टी ओल धरते. मग साधा पत्रा आतून जळतो, बाहेरून गंजतो. कुणी थेट नवा चकचकीत हेडर आणतं.

नवा हेडर बसवताना एक गंमत होते. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला असतात. त्यांना पॅकिंग एकच, आणि काही नटांखालचे जाड वॉशर दोघांच्या कानांवर मिळून बसतात. नव्या हेडरचा कान इनटेकच्या कानापेक्षा अर्धा मिलिमीटर जरी जाड असला, तरी वॉशर तिरका बसतो. हेडर घट्ट होतो, इनटेक सैल राहतो. त्या फटीतून फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि नवाकोरा हेडर जुन्यापेक्षा जास्त लाल होतो. दोन्ही कानांची जाडी आधी व्हर्नियरने मोजून घ्या. कमी पडेल तिथे फिटरकडून वॉशरला पायरी काढून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

पायरी चौथी: ठिणगीला उशीर का होतो ते विचारा

उभ्या गाडीचे पाइप लाल होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पाइपात नसतंच. ते इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरमध्ये असतं. गॅरेजात याला डेल्को म्हणतात.

सिलिंडरमधलं मिश्रण एका झटक्यात जळत नाही, आग पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते. उशिरा पडली तर पिस्टन खाली निघाल्यावरही जळणं चालूच राहतं. पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडायची ती उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच तशीच बाहेर पडते आणि पाइप तापवते. पिकअप नाही, पेट्रोल जास्त, रेडिएटरही चिडलेला, असे तिन्ही त्रास सोबत असतील तर संशय पक्का धरा.

उशीर होतो कसा? पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात. कुणी काही बिघडवलेलं नसतं, गाडी नुसती चालत राहिलेली असते. म्हणून आधी फीलर गेजने पॉइंटचा गॅप पुस्तकाप्रमाणे करा, मगच टायमिंगला हात लावा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतील.

टायमिंग बघायच्या खुणा या इंजिनात फार सोयीच्या जागी आहेत, फक्त ती जागा गाडीखाली आहे. क्रँकच्या पुलीवर खाच असते आणि टायमिंग कव्हरच्या तळाशी छोटे दात. गोणपाट पसरा, आडवे व्हा, एक नंबरच्या प्लगच्या वायरला टायमिंग लाइटचा चिमटा लावा. पंखा आणि पट्टा डोक्याच्या जवळच फिरत असतात, तेव्हा टाय, मफलर आणि जानवं आवरून घ्या. व्हॅक्यूमचा पाइप काढून तोंड बंद करून ठेवा. खाच जिथे हवी तिथे दिसत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरचा चिमटा सैल करून रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेला बॉडी अगदी थोडी फिरवा. ठिणगी लवकर पडेल. फार फिरवलीत तर चढावर इंजिन ठोके देईल, तेव्हा तोही मोह आवरा.

काढलेला व्हॅक्यूमचा पाइप परत लावण्याआधी डिस्ट्रिब्युटरकडचं टोक जागेवर ठेवून दुसरं तोंडात धरा आणि हवा ओढा. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत. नुसतीच हवा येत राहिली तर फाटला. शेजारी बघत असतील तर बघू द्या, ॲम्बेसिडर घेतलीत त्याच दिवशी त्यांचं मत ठरलंय.

आता मिस्त्री. त्यांना आधीच विचारलंत तर उत्तर येईल, "साहेब, जुनी गाडी आहे, गरम तर होणारच." हे निदान नव्हे, सांत्वन आहे. नम्रपणे म्हणा, "उस्ताद, जरा टायमिंग बघू या का?" ते म्हणतील, "कानाने लावलंय." जुन्या मिस्त्रींचा कान खरंच तयार असतो, पण त्यांचं लक्ष ठोका येऊ न देण्याकडे असतं, आणि ठोका टाळायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे टायमिंग मागे ठेवणं.

पायरी पाचवी: हवा आणि ऊस

टायमिंग बरोबर असूनही लाली राहिली, तर मिश्रण पातळ आहे का बघा. इनटेकच्या सांध्यांवर स्प्रे मारून आवाज बदलतो का ते ऐकायची पद्धत तुम्हाला कुणीतरी सांगेलच. कार्बोरेटर क्लीनरचा डबा घेऊन तापलेल्या एक्झॉस्टवर वाकण्यापूर्वी विम्याचे कागद चाळा. या इंजिनात इनटेक एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला असतो. ही चाचणी सकाळी, गार इंजिन नुकतंच सुरू केल्यावर, साध्या पाण्याच्या फवाऱ्याने करा.

शिवाय पंपावरचं पेट्रोलही बदललंय. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तेवढ्याच इथेनॉलला नऊच. कार्बोरेटरच्या जेटला हे कुणी कळवलेलं नाही, तो जुन्याच मापाने ओततो आणि मिश्रण पातळ होतं. एकेकाळी साखर कारखान्याचे चेअरमन पांढऱ्या ॲम्बेसिडरमधून उसाचा भाव ठरवायला जात. आता त्याच उसाची मळी त्याच गाडीचा मॅनिफोल्ड तापवते. एक नंबर मोठा जेट बसवून प्लगचा रंग बघा. खडूसारखा पांढरा असेल तर अजून पातळ आहे.

पायरी सहावी: उरलेलं

टॅपेट घट्ट झालेत का बघा. २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झाल्यापासून जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा हळूहळू झिजतात, गॅप संपतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. सायलेन्सर तुंबला असेल तर रेझ केल्यावर व्हॅक्यूम गेजचा काटा हळूहळू खाली येतो. पुण्यात काटा मुंबईपेक्षा दोन इंच खालीच राहतो, तो उंचीचा परिणाम आहे, त्यासाठी सायलेन्सर बदलू नका.

सगळं जुळल्यावर रात्री गाडी घाटात चढवून आणा. वर पोहोचल्यावर मधल्या पाइपावर किंचित लाली असेल आणि मिनिटभरात विझेल, ती चालते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री विचारतील, "काय केलं साहेब?" "डेल्को थोडा फिरवला," एवढंच सांगा. ते बॉनेट उघडून तो पुन्हा कानाने लावायच्या आत गाडी तिथून काढा.