हृदयाची पैसेवारी

मराठवाड्यातल्या माणसाला मोजणीचं शास्त्र कुणी शिकवायला नको. पावसाने दगा दिला की निवडक शेतांत पीक कापणीचे प्रयोग होतात, तहसीलमधून आकडा निघतो आणि तो पन्नास पैशांच्या खाली आला तर दुष्काळ, वर राहिला तर आबादीआबाद. सोयाबीन उभ्याने करपलेलं असलं, तरी पैसेवारी बावन्न आली म्हणजे ते करपलेलं नाही. त्यामुळे देशाने हृदयरोगावर किती संशोधन केलं हे मोजायचंही एक रीतसर शास्त्र आहे असं कळलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. फक्त या खात्याचा तलाठी कोण, एवढंच विचारावंसं वाटलं.

तलाठी निघाले ग्रंथपाल! ग्रंथालयातली कामं आकड्यांत मांडावीत, ही कल्पना आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ साली इंग्लंडातल्या एका परिषदेत बोलून दाखवली होती. पुढे अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी १९६४मध्ये कुणी कुणाचा संदर्भ दिला याची जाडजूड सूची काढली आणि विद्वानांना एकमेकांची उणीदुणी आकड्यांत काढायची सोय झाली. २००५मध्ये होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक आणला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले की निर्देशांक दहा. एकच निबंध लिहून जग हलवणाऱ्याचा निर्देशांक एक.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत हे आकडे हवेतच असतात. गोदावरीवरचं धरण, काळेश्वराचं देऊळ, अभियांत्रिकी महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, सगळं एकाच शिवारात. चहाच्या टपरीवर एका बाकड्यावर विचारतात, "सर, पेपर कुठं लावला?" आणि दुसऱ्या बाकड्यावर विचारतात, "पेशंट कोणत्या वॉर्डात हाय?" दोन्हीकडे उत्तर म्हणून एक नंबरच मिळतो.

मोजायचं म्हटलं तर पहिली अडचण शोधण्याची. निबंधाच्या नावात हृदय, हार्ट, कॉरोनरी असले शब्द आहेत का, हे संगणक बघतो. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका निबंधातून वाढलेला रक्तदाब सर्पगंधेने उतरतो, हे जगाला पटवून दिलं. १९५७मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्या निबंधाच्या नावात हृदय नाही, वनस्पती आणि रक्तदाब आहे. सुदैवाने तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला गेला, म्हणून नियतकालिकावरून मोजलं तर वकील हृदयवाले, नावावरून मोजलं तर बहुधा वनस्पतीवाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं त्याहून अवघड. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं त्यांनी मोजली. इंग्लंडातलं बाळ साडेतीन किलोचं, आपलं पावणेतीनच्याही आत. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून किडकिडीत, आतून मेदवान. पुढच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची पूर्वतयारी आईच्या पोटातच होते, या विचाराला या कामाने मोठा आधार दिला. निबंधाच्या नावात आहे ते बाळ! हृदय शोधणारा संगणक त्याला ओलांडून पुढे जाणार.

दुसरी अडचण वाटणीची. हृदयविकाराच्या झटक्याची कारणं शोधणारा 'इंटरहार्ट' अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला, देश ५२. एका पद्धतीत प्रत्येक देशाला पूर्ण एक गुण मिळतो, दुसरीत बावन्नावा हिस्सा. म्हणजे पद्धत बदलली की प्रयोगशाळेची पायरीही न चढता देश गरीब किंवा श्रीमंत होतो. त्याच माहितीतून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये दाखवलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या सुमाराला. सहा वर्षांचा हा फरक कुठल्या रकान्यात भरायचा?

तरी मोजूच नये, असं मी म्हणणार नाही. दिल्लीच्या समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध नव्हता आणि अवघ्या २५ संस्थांनी चाळीस टक्के काम उचललं होतं. मोठा आकडा फुगवता येतो, विशेषतः पदोन्नतीला निबंध सक्तीचे झाल्यापासून. नावात 'इंटरनॅशनल' आणि दारात पैसे भरायची खिडकी असलेली नियतकालिकं तेवढ्यासाठीच उगवली. शून्य मात्र कुणी मुद्दाम फुगवत नाही. या सगळ्या पैसेवारीत माझा विश्वास त्या शून्यावरच जास्त आहे.

आणि तरीही डॉ. हिम्मतराव बावस्कर. माणूस जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, नोकरी तेव्हा महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. लाल विंचू चावला की विषाने रक्तदाब उसळतो, हृदय दमतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि पोर घामाघूम होऊन हातातून जातं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणं टिपली, 'लॅन्सेट'मध्ये १९८२ साली मांडली आणि १९८६मध्ये प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे दाखवलं. शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे आता एखादाच दगावतो. आज किनवटकडे कडबा रचताना एखाद्या मजुराला विंचू डसला, तर वैद्यकीय अधिकारी रात्री ती गोळी देतो आणि सकाळी पावतीवर सही करून घेतल्यासारखा रजिस्टरवर अंगठा घेऊन त्याला घरी धाडतो. तो अधिकारी निबंध लिहीत नाही. म्हणून बावस्करांच्या खात्यावर संदर्भ जमा होत नाही. मजूर तेवढा जमा होतो.

विष्णुपुरीच्या ओपीडीत तालुक्याहून आलेला माणूस कॅरीबॅगमधून सातबारा, आधार आणि त्यातच घडी घातलेली ईसीजीची पट्टी काढतो. "काही नाही हो, गॅस झालता निस्ता, सोडा दिला," असं सोबतचा सांगतो. पट्टीवर गुलाबी चौकटी. एक बारीक चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. पण त्या चौकटींवरची रेघ पुसट होऊन गेलेली असते. कागद उष्णतेवर उमटणारा; उन्हात, खिशात, प्लॅस्टिकखाली तो फिका पडतो. देशभरच्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर रुग्णांच्या 'क्रिएट' नोंदणीत (२००८) निम्म्या लोकांना दुखायला लागल्यापासून दवाखाना गाठायला सहा तासांहून अधिक लागले होते. ते सहा तास तरी कुणी लिहून ठेवले म्हणून कळले. विष्णुपुरीच्या आवारात रोज येणारे असे किती तास कागदासोबत फिके पडत असतील, त्यांची पैसेवारी निघत नाही.

तेव्हा विद्वानांनी आपली मोजदाद खुशाल चालू ठेवावी. आपण एवढंच करू या: छातीत कळ आली तर सोडा राहू द्या, आधी ईसीजी काढा, आणि पट्टी हातात पडली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून तिच्यावर तारीख आणि दुखायला लागल्याची वेळ लिहा.